लॅपटॉप एन्क्रिप्ट करताय? या चुका टाळा

लॉगिनचा पासवर्ड म्हणजे सुरक्षा, हा गैरसमज आधी काढून टाका. एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात डेटा बदलून ठेवणं) नसेल तर चोर मागचे स्क्रू काढतो, एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी ड्राइव्ह, साध्या केसिंगमध्ये घालतो आणि दुसऱ्या मशीनला जोडतो. पॅनकार्डाचा स्कॅन, बँकेची स्टेटमेंट्स, फोटो, सगळं उघडं. तुमचा पासवर्ड त्याला कुणी विचारतही नाही.

पण मला सगळ्यात जास्त छळते ती रिकव्हरी कीची, म्हणजे अडकलेली ड्राइव्ह उघडणाऱ्या आकड्यांच्या किल्लीची, हेळसांड. माझ्या मामेबहिणीच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला. एन्क्रिप्शनची किल्ली सांभाळणारी टीपीएम चिप बोर्डावरच असते, त्यामुळे नवा बोर्ड बसताच बिटलॉकरने (विंडोजमधलं एन्क्रिप्शन) निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागितली. तिला तर एन्क्रिप्शन चालू आहे हेच माहीत नव्हतं. हल्ली बऱ्याच मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप सुरू होतं आणि की त्याच खात्यात जाते. खातं कुणी उघडलं होतं? दुकानातल्या मुलाने, "ताई, मी करून देतो" म्हणत, कुठला तरी ईमेल टाकून. घरातल्या प्रत्येकाच्या खात्यात शिरून आम्ही की आयडीची, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या कीच्या ओळखक्रमांकाची, पहिली आठ अक्षरं जुळवत बसलो. दोन दिवस. जुळली नाहीत. पीएचडीसाठी गावोगाव फिरून घेतलेल्या मुलाखती गेल्या, कारण दुसरी प्रत नव्हती. एन्क्रिप्शन म्हणजे बॅकअप नव्हे. आणि 'पाच मिनिटांत बायपास'च्या व्हिडिओंच्या नादी लागू नका, त्यांचा शेवट फॉरमॅटवरच होतो.

म्हणून खातं स्वतः उघडा, दुकानदाराला कितीही घाई असो. मी की त्याच संध्याकाळी छापतो, वर लॅपटॉपचं नाव लिहितो आणि घराच्या कागदपत्रांच्या फायलीत लावतो. दुसरी प्रत भावाकडे. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवलेली की म्हणजे कुलपालाच लटकवलेली किल्ली.

बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा.

प्रवासात लॅपटॉप स्लीपवर नको, पूर्ण बंद करा. स्लीपमध्ये एन्क्रिप्शनची किल्ली रॅममध्ये, म्हणजे चालू मेमरीतच राहते.

बॅकअपची हार्डडिस्कही एन्क्रिप्ट करा. विंडोज होममध्ये त्यासाठी बिटलॉकर मिळत नाही, मी व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर वापरतो.

जुनी, वापरातली ड्राइव्ह एन्क्रिप्ट करताना 'फक्त वापरलेली जागा' हा पर्याय घाईघाईने निवडू नका. डिलीट केलेल्या फायली रिकाम्या दिसणाऱ्या जागेत तशाच पडून असतात आणि परत काढता येतात. पूर्ण ड्राइव्ह निवडा. काही तास लागतील, लागू देत. चार्जर लावा आणि झोपा.