या चुका टाळा: कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय, पण नेमकं कुठून?

मे महिन्यातली दुपार, सोलापुरात सात रस्ता चौकात गाडी अडकलेली, बॉनेटखालून पेट्रोलचा भपकारा. शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, "मालक, बिडी विझवू का?" आमच्या घरच्या १९६७च्या एमजीबीने, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारने, केलेली ही शोभा.

त्या दिवशी पहिली चूक मीच केली. गाडी तशीच घरापर्यंत दामटली. या गाडीत इंजिनाच्या एकाच अंगाला वर एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे) आणि खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा तापलेला नळ, असतं. मध्ये पत्र्याची आडकाठी असते, पण थेंब तिला चुकवून तापल्या लोखंडावर पडला की संपलं. वास आला की गाडी कडेला घ्यायची आणि चावी बंद करायची. चावी बंद म्हणजे पेट्रोलचा पंपही बंद.

दुसरी चूक खिशाला जास्त महाग पडते. जिथे ओलं दिसतं, तिथेच पाना लावायचा. पेट्रोल वरून निघतं, फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरला जोडलेल्या पेट्रोलच्या वाटीच्या, अंगावरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या नटाला लोंबत बसतं. बघणारा त्या नटाला शिव्या घालतो. आमच्या फ्लोट चेंबरचं झाकण एका गॅरेजात "जरा आवळून" मिळालं. ते जस्ताच्या मिश्रधातूचं, ताण सोसत नाही. वाकलं. एक गळती घेऊन गेलो होतो, दोन घेऊन परत आलो.

म्हणून आधी पाना नाही, कान. मागच्या चाकाजवळचा एसयूचा इलेक्ट्रिक पंप टिकटिक करतो. इंजिन थंड असताना ते सुरू न करता फक्त चावी फिरवा. टिकटिक भराभर होते आणि दोन्ही चेंबर भरले की थांबते. थांबतच नसेल, तर पेट्रोल कुठेतरी बाहेर जातंय, नाहीतर टाकीकडून येणाऱ्या नळीत पंप हवा ओढतोय. एवढं कळायला एक रुपयाही लागत नाही.

मग कार्बोरेटर कोरडे पुसा. जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा यासाठी झकास. प्रत्येकाखाली पांढरा कागद ठेवा, घरातल्या कुणालातरी चावी फिरवायला बसवा आणि हातातल्या टॉर्चचा उजेड मारून बघत राहा. वायरवाला जळता बल्ब तिथे लोंबकळवू नका. पहिला थेंब कुठे फुटतो, तेवढंच बघायचं आहे. ओव्हरफ्लोच्या (जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या) नळीतून आला तर नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे चेंबर भरला की तरंगत्या फ्लोटच्या दाबाने पेट्रोल अडवणारी सुई, बंद होत नाही. झाकणाच्या कडेने आला तरी लगेच पॅकिंगला दोष देऊ नका, आत पातळी चढलेली असू शकते.

नीडल अडकली की चेंबरवर पान्याची मूठ ठोकायची, हा आपल्याकडचा लाडका इलाज. चार दिवस बरं वाटतं. पण टाकीतला गंज आणि नळीतला कचरा पुन्हा तिथेच येऊन बसतो, आणि नळी न धुता घातलेली नवी नीडलही महिन्यात गळते. झाकण उघडलंच आहे तर फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो भोकाचा. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील. पातळीसाठी झाकण उलटं धरा, नीडलवर फक्त फ्लोटचं वजन राहू द्या. फ्लोटची लिव्हर आणि झाकणाची कड यांच्यातली फट १/८ ते ३/१६ इंच हवी. १/८ इंचाच्या ड्रिलची दांडी हेच माझं माप.

थेंब खाली फुटला, म्हणजे जेटला (इंजिनासाठी पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोंडाला) पेट्रोल नेणारी नायलॉन नळी चेंबरला मिळते तिथे, तर गोष्ट वेगळी. तिथे गळती अडवणारी छोटी रबरी कडी, म्हणजे ग्लँड, असतो. नळीचं टोक त्याच्या पलीकडे ३/१६ इंच तरी बाहेर यायला हवं. कमी आलं की ग्लँड धरत नाही. नट ग्लँड दबेल इतकाच आवळायचा. जास्त आवळला तर त्यामुळेच गळतं. जुना ग्लँड पुन्हा वापरून दहा रुपये वाचवणाऱ्यांत मीही होतो.

एम-सील, शेलॅक, टेफ्लॉन टेप: नको. टेपचा धागा आत गेला की तो नीडलखालीच सापडतो.

सोलापूरचा उन्हाळा एक वेगळाच चकवा देतो. गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांनी वास येत असेल आणि सकाळी थंड गाडीत चावी फिरवल्यावर सगळं कोरडं असेल, तर नीडल बदलू नका. इंजिनाच्या धगीने चेंबरमधलं पेट्रोल उकळून वर येतंय. मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरमधली पत्र्याची ढाल आणि उष्णता अडवणारा इन्सुलेटर जागेवर आहेत का ते बघा. आमची ढाल कुणीतरी काढून माळ्यावर टाकली होती.

आणि पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल. उसाच्या जिल्ह्यात राहून त्याला नावं ठेवू नयेत, पण ते जुन्या रबराला फुगवतं नाहीतर भेगा पाडतं. त्यामुळे नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्या आणि नीडल व्हिटॉनच्या (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराच्या) टोकाची.

बाहेर टिपूसही नाही आणि टिकटिक मात्र थांबत नाही, असं झालं तर डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी न भरता वाढली असेल, तर गळती आतल्या आत सिलिंडरमधून तेलात उतरतेय. ते ऑइल बदलल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नका.