खेळ झाल्यावर गप्पा कशा रंगवाव्यात

पाच-सहा माणसं, एक पट आणि दोन-अडीच तास मिळाले की बैठक होते: आधी खेळ, मग त्याच खेळावरून न्याय, नियम, कला अशा गोष्टींवर गप्पा. वयं मिसळलेली असू द्या. आजोबा, कॉलेजातली पोरं आणि शेजारच्या काकू एकाच पटाभोवती बसल्या तर निम्मं काम झालंच. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी कुणाला बोलावू नका, दिवस मावळल्यावर गच्चीवर सतरंजी टाका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खेळ आटोपल्यावरच काढा, नाहीतर पत्ते तेलकट होतात.

खेळ सगळ्यांना येणारा घ्या. सापशिडी, व्यापार किंवा मेंढीकोट पुरे. नवीन खेळाचे नियम समजावण्यात तास गेला तर बोलायचं बळ उरत नाही. मोबाइलवरच्या खेळांबद्दल जरूर बोला, पण पहिल्या बैठकीत ते खेळू नका, कारण मग प्रत्येकाची मान खाली जाते.

आता खरी अवघड जागा. खेळ संपतो, फासे डब्यात जातात आणि पहिला प्रश्न विचारायची वेळ येते. इथेच बहुतेक बैठका मरतात. मलाही ही जागा साधायला बराच काळ लागला. "या खेळातून आपण काय शिकलो?" असं विचारा, हा सल्ला जिथे तिथे देतात. अजिबात विचारू नका. पोरं गप्प होतात, मोठी माणसं प्रवचन सुरू करतात आणि संध्याकाळ शाळेच्या तासासारखी होते. "प्रत्येकाने दोन-दोन मिनिटं बोलायचं" हा दुसरा वाईट सल्ला. पाळी आली म्हणून बोललेलं कुणी ऐकत नाही.

प्रश्न एका चालीबद्दल विचारा, सगळ्यांनी नुकत्याच पाहिलेल्या. समजा व्यापारात आत्याकडे थोडेच पैसे उरलेत आणि ती भाच्याच्या घरं बांधलेल्या मुंबईवर येऊन पडली. भाचा म्हणतो, "राहू दे की आत्या, अर्धंच द्या." बाकीचे ओरडतात. ती चाल लक्षात ठेवा आणि नंतर विचारा: अर्धं भाडं घेतल्यानं इतरांवर अन्याय झाला का? कुणी म्हणेल, आत्या बुडाली असती तर माझा फायदा होता. कुणी म्हणेल, पैसे त्याचे, सोडायचे की नाही ते तो ठरवेल. दया आणि न्याय समोरासमोर येतात आणि ते शब्द कुणाला उच्चारावेही लागत नाहीत.

माणसाला मात्र कधीच प्रश्न करू नका. "तू खऱ्या आयुष्यातही असाच आहेस का?" हे वाक्य बैठकीत येऊ देऊ नका, हसत हसतसुद्धा नाही. हुकूम हातात दाबून ठेवणं खेळात मान्य असतं, पत्ता मांडीखाली सरकवणं नसतं. हा फरक नेमका कशामुळे पडतो, यावर तासभर बोलता येतं. पत्ता सरकवणाऱ्याच्या स्वभावावर बोलायला लागलात तर तो पुन्हा येणार नाही.

गप्पा अडल्या तर एक नियम बदला आणि वीस मिनिटं पुन्हा खेळा. याइतका भरवशाचा उपाय मला माहीत नाही. व्यापार ज्या मोनोपोली नावाच्या परदेशी खेळासारखा आहे, त्याची मुळं एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात आहेत. त्यांनी 1904 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जमिनीची मक्तेदारी कशी घातक ठरते, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. तुम्ही एवढंच करा: भाडं मालकाला देण्याऐवजी मधल्या डब्यात टाका आणि डबा दर फेरीला सारखा वाटा. तीच माणसं, तोच पट, पण वागणं बदलतं. मग विचारा, मघाशी हावरट कोण होतं, खेळाडू की नियम?

कलेकडे वळणं सोपं आहे. मोक्षपटात, म्हणजे सापशिडीच्या जुन्या रूपात, शिड्यांना सद्गुणांची आणि सापांना दुर्गुणांची नावं असत. कोरा पट काढा, रंग द्या आणि सगळ्यात लांब साप कुणाचा ते भांडून ठरवू द्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2012 मध्ये पॅक-मॅन आणि टेट्रिससह 14 व्हिडिओ गेम संग्रहात घेतले, हे सांगा आणि आपला पट भिंतीवर लावण्याजोगा आहे का ते विचारा.

कुणी रंगात येऊन तेलुगू किंवा कन्नडमध्ये शिरला तर अडवू नका. आपल्या गावात शेजारी बसलेला कुणीतरी अर्थ सांगतोच. थट्टाही थांबवू नका, हसणारं माणूस आपलं मत बदलायला लवकर तयार होतं.

एकमत झालं पाहिजे असा हट्ट नको. वाद चांगला तापलेला असतानाच भाकरी वाढायला घ्या आणि पुढची बैठक कुणाच्या गच्चीवर ते तिथेच ठरवून टाका.