देव न मानणाऱ्याने बाप्तिस्म्याला कसं जावं

"मावशी, तू बाळाची धर्ममाता होशील?" मैत्रिणीच्या लेकीने हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. मैत्रीण आणि मी एकाच कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काम केलं. ती नगरकडची, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. मी सदाशिव पेठेत वाढलेली, वडिलांच्या वेळेपासून घरात देव्हारा नाही. २०१३ साली डॉ. दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या ज्या पुलावर गोळ्या घातल्या, तिथे मी दर २० ऑगस्टला सकाळी जाऊन उभी राहते. ही लेक माझ्या अंगाखांद्यावर वाढली, आणि तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मी नसणं तिला चाललं नसतं, मलाही नाही.

धर्ममाता व्हायला मात्र मी नाही म्हटलं. धर्ममाता-धर्मपिता म्हणजे नुसता मान नाही. ते वेदीजवळ उभे राहून सगळ्यांसमोर सांगतात की आमचा या देवावर विश्वास आहे आणि या मुलाला त्या विश्वासात वाढवायला आम्ही मदत करू. मी तिला म्हटलं, "बाई गं, हे वचन मला पाळता येणार नाही. जे पाळणार नाही ते तुझ्या लेकराच्या नावाने मी देणार नाही. बाकी काय हवं ते माग." ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग मंगळवार-शुक्रवार दुपारी सांभाळशील त्याला?" ते मी लगेच कबूल केलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर आढेवेढे घेऊ नका, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणूही नका. नियमही आधी माहीत असलेले बरे. कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार हे नातं घेणारा माणूस १६ वर्षं पूर्ण झालेला आणि दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा संस्कार, झालेला कॅथलिक असावा लागतो. दुसऱ्या पंथाचा बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती फार तर साक्षीदार म्हणून शेजारी उभा राहतो. म्हणजे कॅथलिकांकडे माझ्यासारखीने प्रेमापोटी हो म्हटलं असतं, तरी फादरांसमोर आईबापांचीच अडचण झाली असती.

बोलावणं आलं की ते नीट वाचा. आपल्याकडे सर्रास म्हणतात, "ख्रिश्चनांकडे बारसं आहे." बाप्तिस्मा म्हणजे बारसं नव्हे. नाव त्यात उच्चारलं जातं हे खरं, पण तो मुलाला मंडळीत, म्हणजे चर्चच्या कुटुंबात घेण्याचा संस्कार आहे. बाराव्या दिवसाशी त्याचा संबंध नाही. आमचा बाळ पाच महिन्यांचा होता. कॅथलिकांकडे आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळ्यांमध्ये तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्ट आणि त्यांच्यासारख्या पंथांत माणूस कळता झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करतो आणि पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतो. तान्ह्याचं तिथे फक्त समर्पण असतं, पाणी नसतं. कुठल्या चर्चमध्ये, उपासनेच्या आत की नंतर वेगळा, किती वाजता, हे आईवडिलांनाच विचारा. आमचा रविवारच्या सकाळच्या उपासनेत होता, त्यामुळे दीड तास बसायची तयारी ठेवावी लागली.

आमचं चर्च गुरुवार पेठेतलं, पंचहौदचं. पुणेकराला हे नाव ऐकून १८९० सालचा चहा आठवतोच. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, शहरातल्या मोठमोठ्या लोकांना पंचहौद मिशनमध्ये नेलं. टिळक होते, रानडे होते. समोर चहाबिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता पेल्याला हात लावला. नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एका कप चहावरून एवढं रण माजलं त्या शहरात मी राहते. म्हणून मला वाटतं, त्या दारातून आत जाताना आपण काय करणार आणि काय नाही, हे मनाशी आधी ठरवलेलं असावं. आत गेल्यावर बघू म्हटलं की गोंधळ होतो.

माझा झाला होता. खूप वर्षांपूर्वी, वेगळ्या चर्चमध्ये, एका सहकाऱ्याच्या मुलीचा बाप्तिस्मा मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, आत होता. मिस्साच्या शेवटाकडे माणसं रांगेने पुढे जायला लागली. शेजारच्या बाई उठल्या, मीही उठले. फादरांनी तळहातावर पांढरी, कागदासारखी पातळ चकती ठेवली. मी ती रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. आपल्याकडे प्रसाद असाच घरी नेतात ना! मी जागेवर पोचायच्या आत एक वयस्क गृहस्थ मागोमाग आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, ते परत द्याल का?" त्यांचे हात थरथरत होते. कॅथलिक माणसासाठी ती चकती प्रसाद नसते, ती प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर असते. घ्यायची ती श्रद्धावान कॅथलिकाने, आणि तिथल्या तिथे ग्रहण करायची. मी रुमालासकट त्यांच्या हातात दिली. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून ख्रिस्तप्रसादाच्या किंवा प्रभुभोजनाच्या रांगेत आपण जायचं नाही. बाकावर बसून राहायचं. आतले लोक निघायला लागले तर गुडघे बाजूला करून वाट द्यायची. तुम्ही का उठला नाहीत असं कोणी विचारत नाही. त्यांच्यातलेही काही जण त्या दिवशी बसून असतात.

बसायला पुढून पाचवी-सहावी रांग धरा. पुढच्या रांगा घरच्यांच्या असतात आणि तिथे बसलं तर कधी उठायचं ते कळायला समोर कोणी उरत नाही. सगळे उठले की मी उठते, बसले की बसते. सभागृहात उठून उभं राहणं हा यजमानाचा मान आहे, त्याने माझ्या मताला काही होत नाही. गुडघे टेकत नाही, मान थोडी खाली करून बसते. क्रुसाची खूण करत नाही, कारण ती खूण म्हणजे कबुली आहे आणि माझी ती नाही. "हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानिले जावो" ही प्रार्थना सगळे एका सुरात म्हणतात तेव्हा ओठ हलवण्याचं नाटक करू नका. गप्प उभा असलेला माणूस कोणाला खुपत नाही, आणि पुटपुटणारा शेजाऱ्याला लगेच कळतो. गाण्यांचं मात्र माझं अजून ठरत नाही. मराठी मंडळ्यांत रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, पेटी-तबल्यावर, आणि चाल अशी घरची असते की आवाज आपोआप लागतो. तुकोबांचा अभंग मी विठ्ठल न मानता आयुष्यभर म्हणत आले. त्या दिवशी दुसऱ्या कडव्यापासून मी म्हणायला लागले. तुम्हाला जमत नसेल तर पुस्तक हातात धरून ऐका.

आता मुख्य भाग. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, आईवडिलांना आणि धर्मपालकांना पुढे बोलावलं. प्रश्न झाले: देवावर विश्वास आहे का, सैतानाचा आणि त्याच्या कामांचा त्याग करता का. उत्तरं त्यांनीच द्यायची असतात, आपण शांत. बाप्तिस्मापात्राशेजारी स्टीलच्या जगमध्ये कोमट पाणी ठेवलेलं होतं. पाळकसाहेबांनी आधी त्यात बोट बुडवून पाहिलं. मग डाव्या हाताच्या कोपरात बाळाची मान घेतली आणि उजव्या ओंजळीने तीनदा पाणी घातलं. "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." पहिल्या ओंजळीला बाळाने डोळे मोठे केले, दुसरीला दोन्ही मुठी आवळल्या, तिसरीला रडला. पाणी कानात जाणार तेवढ्यात माझ्या मैत्रिणीने पदराचं टोक पुढे केलं आणि कानामागून टिपून घेतलं. तीस सेकंदांचं काम असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाने आलं याचा खुलासा मी स्वतःकडे मागितला नाही, तुम्हीही मागू नका. कॅथलिकांकडे याच्या आधी छातीवर आणि नंतर टाळूवर पवित्र तेल लावतात, पांढरं वस्त्र घालतात आणि पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून एक छोटी मेणबत्ती पेटवून देतात. अशा वेळी फोन वर करून समोरच्याची नजर अडवू नका. फोटोची परवानगी आहे का ते आधी विचारा, आणि असली तरी एक-दोन काढून फोन ठेवून द्या.

अवघड प्रश्न त्याच्यानंतर आला आणि त्याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीला उठवलं आणि विचारलं, या मुलाला ख्रिस्ती विश्वासात वाढवायला तुम्ही मदत कराल का. आजूबाजूला शंभर माणसांनी उत्तर दिलं. या मुलासाठी मी रात्री-अपरात्री धावले असते, तरी त्या वाक्यातला अर्धा भाग माझा नव्हता. मी उभी राहिले आणि बोलले नाही. जेवणाच्या वेळी मी बाळाच्या आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मी बघत होते तुझ्याकडे. मला माहीत होतं." तुमच्या घरात इतका मोकळेपणा नसेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा: मी येणार आहे, सगळ्यांबरोबर उठेन-बसेन, प्रार्थना म्हणणार नाही, प्रभुभोजन घेणार नाही. दोन मिनिटांचं बोलणं आहे, पण त्याने दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची धाकधूक जाते.

माझ्या धाकट्या जावेला वेगळीच भीती होती. "तिकडे पाणी शिंपडतात, बाटवतील." असं होत नाही. बाप्तिस्मा नाव घेऊन, विचारून, कबुली घेऊन दिला जातो. फादरांनी लोकांवर पवित्र पाणी शिंपडलं आणि थेंब तुमच्या चष्म्यावर पडला तर चष्मा पुसा. दुसऱ्या बाजूने माझे चळवळीतले एक स्नेही म्हणाले, "तू कशाला गेलीस? हेही कर्मकांडच." कर्मकांडाच्या नावाने कोणाला लुबाडलं, घाबरवलं, औषधापासून दूर ठेवलं, तर मी विरोधात उभी राहते आणि राहीन. इथे एका मुलाला त्याच्या माणसांनी आपलं म्हटलं. मी ते पाहायला गेले होते.

कपडे साधे, नीटनेटके. बऱ्याच मराठी ख्रिस्ती बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. पाहुणीने घ्यायलाच हवी असं नाही. चपला काढायच्या की नाहीत ते दाराशी पाहा, कुठे काढतात, कुठे नाही. दानाची थैली फिरते. टाकायचं नसेल तर पुढे सरकवा, कोणी मोजत नाही. भेट म्हणून पांढरा झबला नेऊ नका, तो बहुधा घरचे किंवा धर्मपालक घेतात, आणि आमच्याकडे तर आजीने स्वतः क्रोशाचा विणला होता, आतून मलमलचं अस्तर लावून, बाळाला टोचू नये म्हणून. मी चांदीची वाटी दिली, लक्ष्मी रोडवरून, तळाला नुसती तारीख कोरून घेतली. गाडी नेऊ नका. पेठेत रविवारीही जागा मिळत नाही. मी मेट्रोने मंडईला उतरले आणि चालत गेले.

आत शिरताना मैत्रिणीच्या भावाने हात जोडून "सलाम" म्हटलं, मीही "सलाम" म्हटलं. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत हा रोजचा नमस्कार आहे, त्यात अडखळण्यासारखं काही नाही. उपासना संपली की लगेच पळू नका. पाळकसाहेबांना भेटा, घरच्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा, केक घ्या, जेवून जा. आमच्याकडे मटणाचा रस्सा आणि पुलाव होता, आणि वाढायला माणसं कमी पडत होती. मी पदर खोचून भाताचं पातेलं घेतलं. नगरहून आलेल्या एका आजींनी विचारलं, "तुम्ही कोण बाळाच्या?" मी म्हटलं, "आजीची मैत्रीण." त्यांना ते पुरलं.

मंगळवार आणि शुक्रवार दुपारी बाळ आता माझ्याकडे असतो. त्याची आई फोनवर एक गाणं देऊन ठेवते, झोपवताना लावायचं, येशूचं. मी लावते. तिसऱ्या कडव्यापर्यंत तो झोपलेला असतो.