एईडी मशीन वापरताना या चुका टाळा

एका सोसायटीत सरावाचा वर्ग घेताना मी घड्याळ लावून पाहिलं. पुतळा जमिनीवर ठेवला आणि "काका कोसळले!" अशी हाक दिली. एईडी, म्हणजे हृदयाचे ठोके पुन्हा नीट लागावेत म्हणून विजेचा शॉक देणारं मशीन, भिंतीवरच होतं, पण पेटीला कुलूप, किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर जेवायला गेलेला. पहिला शॉक द्यायला सहा मिनिटं लागली. हृदय बंद पडल्यावर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि शॉक मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. ती पेटी चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप लावलं होतं. चोरी परवडली, कुलूप नको.

त्याआधीची चूक माणसाचं हृदय थांबलंय हे ओळखण्यात होते. हृदय थांबल्यावर सुरुवातीला हातपाय झटकल्यासारखे हलू शकतात. मग लोक फिट समजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. कधी मधूनच घरघर येते, मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तसं तोंड उघडतं आणि "श्वास चालू आहे" म्हणून सगळे थांबतात. तो श्वास नव्हे. हाकेला ओ नाही आणि श्वास नीट नाही, एवढं पुरे. एकाने 108 ला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा, दुसऱ्याने मशीन आणायला पळायचं, तिसऱ्याने छाती दाबायला घ्यायची: मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटिमीटर खोल. मशीन येईपर्यंत नुसतं उभं राहू नका.

मशीन आलं की आधी ते चालू करा, पुढचं ते बोलून सांगतं. काही मशीन फक्त इंग्रजीत बोलतात, म्हणून पेटीवर मराठीत चार ओळी चिकटवून ठेवा. वॉचमनदादांना त्या वाचता आल्या पाहिजेत.

मशीनमधून शॉक छातीपर्यंत नेणारे पॅड उघड्या, कोरड्या छातीवरच चिकटतात. आपल्याकडे छातीत दुखतंय म्हटलं की आधी बाम चोळला जातो, आणि त्या तेलकटपणावर पॅड धरत नाहीत. नॅपकिनने खसखसून पुसा. घाम आणि पावसाचं पाणीही पुसा. केस दाट असतील तर पॅडपुरते रेझरने काढा. बाईमाणूस असेल तर लोक हमखास अडखळतात. ब्लाउज आणि आतले कपडे कात्रीने कापायचे, मंगळसूत्र पॅडखाली येणार नाही असं बाजूला सारायचं. दोन बायकांनी ओढणी धरून आडोसा केला तरी चालतं, पण हात थांबता कामा नयेत. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर. चुकून अदलाबदल झाली तर काढून पुन्हा लावत बसू नका, मशीन तरीही काम करतं. कातडीखाली पेसमेकरचा (ठोके सांभाळणाऱ्या छोट्या यंत्राचा) उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर नको, बाजूला लावा. लहान मुलांचे पॅड नसतील तर मोठ्यांचेच वापरा, एक छातीवर आणि एक पाठीवर.

मशीन ठोके तपासत असताना आणि शॉक देताना कुणाचाही हात अंगाला लागू देऊ नका. बऱ्याच मशीनमध्ये शॉकचं बटण आपल्यालाच दाबावं लागतं. ते लुकलुकत राहतं आणि सगळे मशीनकडे बघत बसतात, हे मी वर्गात कितीदा पाहिलंय.

सर्वांत जास्त घोळ होतो तो "शॉकची गरज नाही" ऐकल्यावर. एक काकू वर्गात विचारत्या झाल्या, "म्हणजे ते गेले का हो?" दुसऱ्या कुणाला वाटलं, बरे झाले. दोन्ही चूक. हृदय नुसतं थरथरत असेल किंवा बेफाम धावत असेल तर शॉक उपयोगी पडतो. ते पूर्ण स्तब्ध असेल तर शॉकने काही होत नाही आणि मशीन तो देतही नाही. तेव्हा आपले हातच रक्त फिरवत असतात. लगेच छाती दाबायला लागा. शॉक दिल्यावरही तेच. नाडी बघत बसू नका, पुढची दोन मिनिटं दाबत राहा, मग मशीन स्वतःच पुन्हा तपासेल. माणूस हालचाल करू लागला, श्वास नीट सुरू झाला तर थांबा, पण पॅड काढू नका आणि मशीन बंद करू नका. हृदय पुन्हा बंद पडू शकतं.

पॅडच्या पाकिटावर मुदतीची तारीख असते, ती उलटली की जेल वाळतं. दर महिन्याला तारीख आणि बॅटरीचा दिवा बघायचं काम एकाच माणसाच्या नावावर लावा. पेटीत कात्री, रेझर आणि कोरडा नॅपकिन ठेवा. त्या सोसायटीने कुलूप त्याच संध्याकाळी काढलं.