अनामिक निसर्गछायाचित्र पाहताना

गोव्यातील जुन्या घरात मांडवी नदीचे किंवा एखाद्या खाजणाचे (खाऱ्या पाण्यालगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचे) कृष्णधवल छायाचित्र सापडले, तर ते कोणी टिपले या प्रश्नात न अडकता, कडांना धरून, खिडकीच्या उजेडात भिंगाखाली पाहावे. आकाश कोरे पांढरे आणि जांभ्या दगडाची भिंत जवळजवळ काळी दिसली, तरी तो छपाईचा दोष मानू नये. फिल्मऐवजी कॅमेऱ्यात वापरल्या जाणाऱ्या जुन्या काचपट्ट्यांना निळा प्रकाश चटकन जाणवे, तांबडा मात्र जवळपास जाणवतच नसे, आणि म्हणून आपल्या परिचयाची तांबडी माती तिथे अनोळखी, गडद होऊन उतरते (मला तर हेच या चित्रांचे खरे सौंदर्य वाटते). पाण्यावरच्या लाटा पुसट झाल्या असतील, तर चित्र टिपताना काचपट्टीवर प्रकाश पडू देण्याचा काळ दीर्घ होता असे समजावे.

काळाचा अंदाज दृश्यातूनच बांधता येतो: पणजीजवळ मांडवीवर पूल दिसत नसेल, तर चित्र बहुधा १९७० पूर्वीचे असते, जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचा मनोरा अखंड उभा असेल, तर ते १९३१ पूर्वीचे ठरते, कारण त्या वर्षी त्याचा निम्मा भाग कोसळला. कडांवरची चंदेरी झाक रुप्याच्या कणांमुळे येते. ती कापडाने पुसू नये.