अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये शिरायचं कसं, आणि शिरल्यावर करायचं काय

गिरगावातलं आत्याचं घर म्हणजे आगगाडीचा डबा. एकामागे एक तीन खोल्या आणि मधल्या भिंती हातभर जाड. इंटरनेटवाल्यांनी फायबरचा राउटर दारापाशी, मीटरच्या वर ठोकला आणि ते निघून गेले. बाहेरच्या खोलीत वायफायच्या सगळ्या कांड्या, मधल्या खोलीत दोन, आणि आत्याचा निम्मा दिवस जातो त्या स्वयंपाकघरात शून्य. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की ती गॅस बंद करून दारात जाऊन उभी राहायची.

उपाय ठरलेला होता. केबल ओढून स्वयंपाकघराच्या तोंडाशी वायफाय पसरवणारं दुसरं यंत्र, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट बसवायचा. लॅमिंग्टन रोड जवळच, तिथून यंत्र आणि वीस मीटर केबल आणली. केबल ओढायला अर्धा तास लागला, आणि यंत्राच्या सेटिंग्ज जिथे बदलतात त्या लॉगिनच्या पानापर्यंत पोचायला दीड तास. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, म्हणून त्या पानापर्यंतचा रस्ता जरा सविस्तर सांगतो.

केबल घेताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: आतली तार निखळ तांब्याची आहे, की अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा? मुलाम्याची स्वस्त पडते, पण केबलमधूनच वीज पाठवायची असेल तर ती नको. कॅट-५ई किंवा कॅट-६, दोन्ही चालतात. लांबीची मर्यादा १०० मीटर आहे, त्यामुळे मुंबईतल्या घरात तो प्रश्न येत नाही.

आधी यंत्र ओळखा

राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट दिसायला सारखे, पण काम वेगळं. सोसायटीत पार्किंगचे नंबर सेक्रेटरी वाटतो, तसे घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला आयपी नंबर वाटण्याचं काम राउटर करतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. अ‍ॅक्सेस पॉइंटने फक्त केबलमधून आलेलं इंटरनेट हवेत सोडायचं, नंबर वाटायचे नाहीत. एका सोसायटीत दोन सेक्रेटरी झाले की एकाच जागेवर दोन गाड्या येतात. घरातही तेच होतं: अर्धे फोन चालतात, अर्धे ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दाखवत बसतात.

जोडणी

काही अ‍ॅक्सेस पॉइंटना वेगळा अ‍ॅडॅप्टर असतो, काहींना केबलमधूनच वीज जाते. दुसऱ्या प्रकारात सोबत एक छोटा डबा येतो, त्याला पीओई इंजेक्टर म्हणतात. त्यावर दोन खाचा असतात. ‘पीओई’ लिहिलेल्या खाचेतून केबल अ‍ॅक्सेस पॉइंटकडे जाते, ‘लॅन’ लिहिलेल्या खाचेतून राउटरकडे. उलट जोडलं की यंत्राचा दिवाच लागत नाही, आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालत परत लॅमिंग्टन रोड गाठतो.

पण पहिल्यांदा राउटरला जोडूच नका. अ‍ॅक्सेस पॉइंट थेट लॅपटॉपला केबलने जोडा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. लॅपटॉपला केबलची खाच नसेल तर यूएसबीचा इथरनेट अ‍ॅडॅप्टर मिळतो. फोन यंत्राच्या स्वतःच्या वायफायला जोडूनही जमतं, मात्र मोबाइल डेटा बंद करायला विसरू नका. या वायफायवर इंटरनेट नाही हे कळलं की फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो, आणि तुम्ही टाकलेला पत्ता तिकडे शोधत बसतो. माझ्या दीड तासातला पाऊण तास यातच गेला.

पत्ता कुठे सापडतो

यंत्राच्या बुडाशी स्टिकर असतो. त्यावर लॉगिनचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड छापलेला असतो. यंत्र छताला ठोकण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. स्टिकर पुसला गेला असेल तर कंपनीनुसार नेहमीचे पत्ते ठरलेले आहेत. टीपी-लिंकच्या बऱ्याच अ‍ॅक्सेस पॉइंटचा १९२.१६८.०.२५४, डी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलचा १९२.१६८.०.५०, युबिक्विटीचा १९२.१६८.१.२०. साध्या राउटरचा बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. इथे मी मराठी आकडे लिहिलेत, ब्राउझरमध्ये टाइप करताना कीबोर्ड इंग्रजी हवा. आणि पत्ता वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये टाकायचा, गूगलच्या शोधपट्टीत नाही. हसू नका, हे मी पदवीधरांना करताना पाहिलंय.

तरीही पान उघडत नसेल तर कारण बहुधा एकच असतं: लॅपटॉप आणि यंत्र एका आळीत नाहीत. पत्त्याचे पहिले तीन आकडे म्हणजे आळी, चौथा म्हणजे घर. यंत्र १९२.१६८.०च्या आळीत आणि लॅपटॉप दुसऱ्याच आळीत असेल तर दोघांची गाठ पडत नाही. अशा वेळी लॅपटॉपला तात्पुरतं त्या आळीत न्यायचं. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘इथरनेट’. तिथे ‘आयपी असाइनमेंट’समोरचं ‘एडिट’ दाबून ‘मॅन्युअल’ निवडा आणि आयपीव्ही४ सुरू करा. पत्ता १९२.१६८.०.१० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मास्कऐवजी प्रीफिक्स विचारला तर २४ लिहा. गेटवे रिकामा सोडला तरी चालतो. सेव्ह करा आणि यंत्राचा पत्ता पुन्हा टाका.

ब्राउझर लाल अक्षरांत ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून घाबरवेल. घरातल्या यंत्राने स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःच लिहिलेलं असतं, म्हणून ही कुरकुर. एरवी अशा इशाऱ्यापाशी थांबायलाच हवं, पण यंत्र समोर टेबलावर आणि केबल थेट लॅपटॉपमध्ये असताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून पुढे जायला हरकत नाही.

जुनं यंत्र असेल आणि आधीच्या मालकाचा पासवर्ड ठाऊक नसेल तर मागे बारीक भोकात रीसेटचं बटण असतं. यंत्र चालू ठेवून सेफ्टी पिनने दहाएक सेकंद दाबून धरा. दिवे लुकलुकले की सोडा. सगळं कारखान्यातून आल्यासारखं कोरं होतं.

आत शिरल्यावर पहिलं काम

पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं. वायफायचा नव्हे, लॉगिनचा. हे दोन वेगळे पासवर्ड आहेत आणि लोक हमखास गल्लत करतात. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते काही फार हुशारीने नाही. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’सारख्या साठेक ठरावीक जोड्या तो एकामागून एक लावून बघायचा, आणि कुणी त्या बदललेल्याच नव्हत्या.

मग ‘ऑपरेशन मोड’मध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ निवडा. ‘रिपीटर’ नको, ‘क्लायंट’ नको. डीएचसीपी बंद आहे ना, ते बघून घ्या.

आता यंत्राला घरच्या आळीत कायमची खोली द्यायची. तुमचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंटला १९२.१६८.१.२ द्या. फक्त राउटर स्वतः जे नंबर वाटतो, समजा १०० ते १९९, त्यातला देऊ नका. सेव्ह केलं की पान गोल गोल फिरत राहील. यंत्र बिघडलेलं नाही, त्याने घर बदललंय आणि तुम्ही जुन्या दारावर टकटक करताय. लॅपटॉपचं आयपी असाइनमेंट पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करा, अ‍ॅक्सेस पॉइंट राउटरच्या लॅन खाचेत जोडा, लॅपटॉपचं वायफाय पुन्हा चालू करा आणि नव्या पत्त्यावर लॉगिन करा.

माळ्यावरचा जुना राउटर याच कामाला वापरायचा असेल तर पत्ता बदला, डीएचसीपी बंद करा आणि त्यात केबल लॅनच्या खाचेत लावा, बाहेरचं इंटरनेट आत घेणाऱ्या वॅनच्या नाही. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड नसलेल्या राउटरलाही एवढं पुरतं.

नाव, पासवर्ड आणि शेजारपाजार

वायफायचं नाव आणि पासवर्ड राउटरवर आहे तोच अ‍ॅक्सेस पॉइंटवर ठेवा, स्पेलिंगसकट. म्हणजे खोली बदलताना फोन आपोआप इकडून तिकडे जातो. सुरक्षेत ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडा, आणि जुना प्रिंटर रुसला तर ‘डब्ल्यूपीए२-एईएस’. डब्ल्यूपीएस हे बटण दाबून जोडणारं प्रकरण बंद करा. नाव लपवण्याचा पर्याय मी कधीच वापरत नाही. लपवलेलं नाव शोधणाऱ्याला मिनिटभरात सापडतं आणि पाहुण्यांना मात्र ताप होतो.

खरी मुंबई चॅनेलच्या पानावर भेटते. आत्याच्या स्वयंपाकघरात आसपासची नेटवर्क दाखवणारं वायफाय अ‍ॅनालायझर उघडलं तर तिसाहून जास्त नेटवर्क दिसली. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल १३ आहेत, पण दोन शेजारच्या चॅनेलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि एकाला लागते साधारण २० मेगाहर्ट्झची जागा. म्हणून एकमेकांना कोपर न लागता उभं राहता येईल असे तीनच: १, ६ आणि ११. गर्दी चुकवायला ३ किंवा ८ घेतलं तर दोन्हीकडचा गोंगाट ऐकावा लागतो. एकाच चॅनेलवरची यंत्रं निदान पाळीपाळीने बोलतात. तेव्हा तिघांतला कमी गर्दीचा निवडा, तो राउटरच्या चॅनेलहून वेगळा ठेवा, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच. चाळीत ४० ठेवणं म्हणजे लोकलच्या चौथ्या सीटवर पाय पसरून बसणं.

५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस, पण जाड भिंत तो फारशी ओलांडत नाही. शहरात ते एका परीने बरंच, कारण शेजाऱ्याचा आवाजही आत येत नाही. चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यातला घ्या. मधल्या ५२ ते १४४ या पट्ट्यात यंत्राला आधी किमान मिनिटभर कान देऊन रडार नाही ना हे बघावं लागतं, आणि पुढेही रडार जाणवलं तर चॅनेल सोडावं लागतं. सी-बँड नावाच्या पट्ट्यातली हवामान रडार याच लहरींच्या आसपास चालतात, आणि आपल्या मुंबईत वेरावलीला तसं एक आहे. देश ‘इंडिया’च निवडा.

‘ट्रान्समिट पॉवर’ सगळे ‘हाय’वर नेतात. मी मध्यम ठेवतो. यंत्र कितीही ओरडलं तरी फोनला तितक्या मोठ्याने उत्तर देता येत नाही, आणि दूरच्या राउटरचा आवाज ऐकू येतोय म्हणून फोन त्यालाच चिकटून राहतो. राउटर सोडून अ‍ॅक्सेस पॉइंटकडे कधी जायचं हे शेवटी फोनच ठरवतो. दोन्हीकडची पॉवर थोडी उतरवली की तो लवकर हलतो.

यंत्र कुठे ठोकायचं? उंचावर, उघड्यावर. लोखंडी कपाटामागे, पाण्याच्या पिंपाशेजारी किंवा आरशामागे नको. मायक्रोवेव्हपासूनही लांब, तो २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरींवर चालतो. आत्याकडे आधी ते फ्रिजवर ठेवलं होतं, मग दाराच्या चौकटीवर नेलं तेव्हा कुठे मोरीपर्यंत रेंज आली.

फर्मवेअर

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर. कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचं आणि त्याच हार्डवेअर व्हर्जनचं फर्मवेअर घ्या. व्हर्जन स्टिकरवर असतं. अपडेट चालू असताना वीज गेली तर यंत्र कायमचं झोपू शकतं. मुंबईत वीज सहसा जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी अख्खं शहर बंद पडलं होतं, आणि पावसाळ्यात गल्लीपुरती तर जातेच. शक्य असेल तर यंत्र आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीच्या आधारावर ठेवून अपडेट करा.

शेवटी ‘बॅकअप’ दाबून सगळ्या सेटिंग्जची फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या. यंत्राचा नवा पत्ता कागदाच्या चिठ्ठीवर लिहून यंत्राच्याच पाठीवर चिकटवा, लॉगिनचा पासवर्ड मात्र घरातल्या वहीत. आत्याने तो दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलाय.