शोजी दार करताय? आधी खोबणीचं माप ठरवा
जपानी पद्धतीचं शोजी, म्हणजे लाकडी जाळीवर कागद लावलेलं सरकतं दार, करून घेत असाल तर जाळीच्या डिझाईनआधी चौकटीत दार ज्यात सरकतं ती खोबण ठरवा, वरची साधारण 15 मिमी खोल आणि खालची फक्त 3 मिमी ठेवतात, म्हणजे दार वर उचललं की खालून सुटून अलगद बाहेर येतं, एकही स्क्रू खोलावा लागत नाही. आणि ते निघायलाच हवं, कागद पिवळा पडला की बदलायचा असतो ना! म्हणूनच कागद खळीने चिकटवा, पाण्याने भिजवला की सहज निघतो, फेविकॉल अजिबात नको. लाकूड हिनोकी (जपानी सायप्रस) किंवा सुगी (जपानी सीडर), त्यावर चकचकीत पॉलिश प्लीज करू नका, मूळ रंगच सुंदर दिसतो. जाळी खोलीच्या बाजूला, कागद बाहेरून.